आईच्या सीनियर लिव्हिंगचं शरद ऋतूचं कॅलेंडर आलंय, पण आई खोलीबाहेरच पडत नाहीये

मधलीलेक

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबलीये, सांभाळून घ्या.

आई (वय ७७) जूनमध्ये सीनियर लिव्हिंगमध्ये राहायला गेली. बाबा गेल्यावर दोन वर्षं एकटी होती, मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिनंच ठरवलं की आता ते जिने आणि ती कुलपं नकोत. उन्हाळाभर छान चाललं होतं, संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसायची, दोघी-तिघींशी ओळख झाली होती, फोनवर आवाजातच कळायचं की बरी आहे. सप्टेंबर संपता संपता पानगळ सुरू झाली, बाक ओले राहायला लागले, दिवस लवकर मावळायला लागला आणि बाई खोलीत जाऊन बसली ती बसलीच.

आता त्यांचं ऑक्टोबर-नोव्हेंबरचं कॅलेंडर आलंय. चारी बाजूंनी केशरी पानांची बॉर्डर, मी मोजले तर एकट्या ऑक्टोबरमध्ये ४१ कार्यक्रम. खुर्चीतला व्यायाम, ताई ची (तो सावकाश हालचालींचा चिनी व्यायाम), पानांची कलाकुसर, रंग बदललेली झाडं बघायला बसने सहल, समूहगान, स्मरणशक्तीचे खेळ, फ्लूच्या लशीचा कॅम्प, तोल तपासणी, शिवाय १ ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन. आईला विचारलं यातलं काय आवडेल तर म्हणाली, "मला कुणी खेळवायला नको." परवा गेले तेव्हा तिच्या टेबलाचा एक पाय डुगडुगत होता ना, त्याखाली ते कॅलेंडर चौघडी करून घातलं होतं!

दोन प्रश्न आहेत. या सगळ्यातलं खरंच उपयोगाचं काय आणि ब्रोशरला फोटो मिळावा म्हणून काय? आणि थंडी पडायच्या आत मी तिथल्या लोकांकडे कुठल्या सोयींची चौकशी करायला हवी? जबरदस्ती करायची नाहीये, पण असं चार वाजल्यापासून पडदे लावून बसलेलं पण बघवत नाही.

कॅलेंडरवाली

ताई, मी अशाच एका ठिकाणी अ‍ॅक्टिव्हिटीचं काम बघते, नऊ वर्षं झाली, म्हणजे तुमच्या आईंनी टेबलाखाली घातलं तसलं कॅलेंडर बनवणारी बाई मीच 😄 तेव्हा आधी कबूल करते की ४१ मधले पंधराएक तरी चौकोन रिकामे दिसू नयेत म्हणून भरलेले असतात, वरून विचारणा होते की मंगळवारी दुपारी काहीच कसं नाही.

पण एक गोष्ट सांगते, जिथे लोकांना नुसतं बसवून काहीतरी दाखवायचं असतं तिथे दोन आठवड्यांत गर्दी ओसरते, आणि जिथे त्यांच्याकडे काम असतं तिथे खुर्च्या कमी पडतात. गेल्या शरदात आम्ही पानं दाबायचा कार्यक्रम ठेवला होता. पहिल्या दिवशी चारच जणी आल्या. एक आजोबा दारातच उभे, म्हणे मला असली बायकी कामं जमत नाहीत. मी त्यांच्या हातात नुसती टोपली दिली आणि म्हटलं काका, यातली भिजलेली आणि किडलेली पानं तेवढी वेगळी काढून द्या, माझे डोळे दुखतायत. बसले. एकेक पान उजेडाकडे धरायचे, देठाला बोटानं चाचपायचे, ओलं असलं की टिपकागदावर, भोक असलं की खाली. तासाभरात टेबलावर तीन ढीग आणि जोडीला शेजारणीला सूचना, "ते जाड पान आहे, त्याला चार दिवस जास्त लागतील वजनाखाली." पुढच्या आठवड्यात माझ्या आधी येऊन बसले होते. माणसाला 'या ना, मजा येईल' म्हटलं की येत नाही, 'तुमच्याशिवाय अडलंय' म्हटलं की येतो, आणि ते खोटं असून चालत नाही बरं का, लगेच ओळखतात.

तुमच्या आई आधी काय करायच्या? ते तिथल्या अ‍ॅक्टिव्हिटीवाल्यांना सांगितलंय का? राहायला येताना तसा फॉर्म भरून घेतात, पण तो फाईलमध्ये जातो आणि कुणी वाचत नाही, हे पण कबूल करते. स्वतः जाऊन सांगा.

खोलीनं२२

मी स्वतः अशाच वसाहतीत राहतो, वय ८१, टाईप एका बोटाने करतो, चुका पोटात घाला.

तुमच्या आईंचं वाक्य मला फार आवडलं. इथे येऊन चार वर्षं झाली, या काळात मला तीन वेळा कात्री देऊन कागदाची पानं कापायला बसवलं आहे. मी आयुष्यभर पूल बांधले हो. पण म्हणून सगळं टाकाऊ आहे असंही नाही, आणि आमच्यासारखे लोक का जात नाहीत याची कारणं तुम्ही धरता त्याहून फार साधी असतात.

बसच्या सहलीचं घ्या. पानांचे रंग बघायला कोणाला नको असतं? पण बसची पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच, वाटेत टॉयलेट किती वेळाने हे कोणी सांगत नाही, आणि जे पाण्याची गोळी घेतात (म्हणजे लघवीची) ते मग सकाळची गोळीच टाळतात किंवा सहल टाळतात. मी सरळ ऑफिसात जाऊन विचारलं, बसला लिफ्ट आहे का, थांबे किती, व्हीलचेअर किती मावतात. उत्तर मिळाल्यावर आमच्या मजल्यावरचे सहा जण तयार झाले. कार्यक्रम तोच होता.

दुसरं म्हणजे आवाज. हॉलमध्ये पंचवीस माणसं, मागे टीव्ही, श्रवणयंत्रात सगळा कालवा होतो, समोरचा काय बोलतो कळत नाही, मग माणूस नुसतं हसून मान हलवतो आणि पुढच्या वेळी येत नाही. तुमच्या आईंना नीट ऐकू येतं का हे आधी बघा. कानात मळ साठलेला असला तरी फरक पडतो, माझा एक कान त्यानेच महिनाभर बंद होता आणि सगळे म्हणत होते काका हल्ली गप्प असतात.

तिसरं तुम्हीच लिहिलंय, चार वाजता पडदे. सगळे कार्यक्रम सकाळी अकराला आणि दुपारी दोनला, कारण स्टाफची ड्युटी तेव्हा असते. आमचा दिवस कठीण जातो तो चारनंतर. कॅलेंडरमध्ये चार ते सातच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा, बाकी सोडा.

गुडघेदुरुस्ती

फिजिओ आहे, ज्येष्ठांसोबतच काम करतो. २२ नंबरच्या काकांना दंडवत, बसच्या पायरीबद्दल मी दहा वर्षं बोंबलतोय.

उपयोगाचं काय असं विचारलंय तर माझं मत एकतर्फी आहे, तोल तपासणी आणि व्यायाम हे दोन सोडू नका. ६५ च्या पुढच्या साधारण तिघांमागे एक जण वर्षातून एकदा तरी पडतो आणि पानगळीत ओली पानं म्हणजे फरशीवर साबण सांडल्यासारखंच, त्यात खालची पायरी किंवा फुटपाथची कड पानांखाली झाकली जाते. त्यामुळे पहिली चौकशी ही करा की वाटांवरची पानं कोण झाडतं, रोज की आठवड्यातून एकदा, आणि मागच्या दाराचा दिवा अंधार पडला की आपोआप लागतो का.

तोल तपासणी म्हणजे घाबरायचं काही नाही. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, नेहमीच्या चालीने. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका आहे असं धरतात. दुसरी टेस्ट ३० सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं ती, हात छातीवर आडवे ठेवून. ७५ ते ७९ वयाच्या बायकांना १० पेक्षा कमी जमलं तर पायातली ताकद कमी पडतेय समजा, आणि हाताचा आधार घेतला तर मोजणी शून्य. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा आकडा कमीच येईल, त्याचं काही नाही, तो लिहून ठेवा आणि सहा-आठ आठवड्यांनी परत मोजा.

आता ताई ची. लोक हसतात, म्हाताऱ्यांचा स्लो मोशन डान्स म्हणतात, पण तोलासाठी ज्या मोजक्या गोष्टी खरंच काम करतात त्यातली ती एक आहे, कारण वजन एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश न्यावं लागतं. ओटागो नावाचा एक प्रोग्रॅम आहे, न्यूझीलंडमधल्या विद्यापीठात तयार झालेला, पायांची ताकद, तोल आणि चालणं असं मिळून, घरच्या घरी करता येतो. तिथल्या फिजिओला विचारा, येत असेल. नुसता खुर्चीत बसून हात वर-खाली करायचा व्यायाम वाईट नाही पण त्याने तोल सुधारत नाही, तोल उभं राहूनच सुधारतो, मग भले हात खुर्चीच्या पाठीवर असू दे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि ६५ च्या पुढे आठवड्यातून ३ दिवस तरी तोलाचा. बागेतलं फिरणं बंद झालं म्हणजे आईंची ती मिनिटं गेली, तेव्हा आत कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायची सोय आहे का बघा, कठडा आहे का, मध्ये टेकायला खुर्ची आहे का.

आणि खोलीत मागून उघड्या असलेल्या सपाता वापरत असतील तर आधी त्या फेका.

हिशोबीजावई

सगळे छान छान सांगतायत, मी जरा खडूस बोलतो. सासऱ्यांच्या वेळी आम्ही फसलो (जागेचं नाव घेत नाही). ब्रोशरमध्ये 'वाहनसेवा' लिहिलेलं, प्रत्यक्षात ती गाडी आठवड्यातून एकच दिवस ठरलेल्या वेळी, डॉक्टरची अपॉइंटमेंट दुसऱ्या दिवशी असली की वेगळं बिल. कपडे धुणं फी मध्ये धरलेलं पण जाड पांघरुणं आणि स्वेटर नाही, आणि ते शरदातच बाहेर निघतात. सहलीचं तिकीट वेगळं. त्यामुळे करार काढा आणि कॅलेंडर शेजारी ठेवा, प्रत्येक गोष्टीपुढे महिन्याच्या फी मध्ये की वरून पैसे हे लिहून घ्या, तोंडी नको, ईमेलवर.

हीटिंगचं पण विचारा, कुठल्या तारखेला चालू करतात आणि खोलीतलं तापमान आपल्या हातात आहे की नाही. म्हाताऱ्या माणसाला गारठा लवकर जाणवत नाही आणि बाधतो मात्र लवकर, खोली २० अंशाच्या खाली जाऊ देऊ नये असं आम्हाला डॉक्टरांनी सांगितलेलं. नाहीतर मग लोक गुपचूप छोटा हीटर आणतात आणि पडद्याला चिकटवून ठेवतात. कमीत कमी मीटरभर अंतर हवं सगळ्या बाजूंनी, आणि बऱ्याच ठिकाणी तो चालतच नाही, ते पण आधीच कळलेलं बरं.

रात्रपाळी

नर्स आहे, ड्युटीवरून आलेय म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं पण लशीचं कुणीच बोललेलं नाही.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते कारण विषाणू बदलत राहतो आणि गेल्या वर्षीचं संरक्षण उतरतं. घेतल्यावर अंगात तयारी व्हायला साधारण २ आठवडे लागतात, म्हणून उत्तर गोलार्धात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कॅम्प ठेवतात. ६५ च्या वरच्यांसाठी जास्त मात्रेची लस वेगळी येते, कॅम्पमध्ये कुठली देणार आहेत ते विचारा. त्याच वेळी न्यूमोनियाची आणि नागिणीची लस झालीये का हेही तपासून घ्या. नागिणीच्या नवीन लशीचे २ डोस असतात, २ ते ६ महिन्यांच्या अंतराने, आणि दुसरा डोस विसरलेले पेशंट मी ढिगाने बघते. दंड दुखतो, एखादा दिवस कसकस वाटते, त्यामुळे लशीच्या दुसऱ्या दिवशी सहल ठेवू नका. आमच्याकडे एकदा ठेवली होती, अर्धी बस रिकामी गेली.

आता काकांनी चारनंतरचं लिहिलंय ते अगदी खरं आहे. स्मृतिभ्रंश असलेल्यांना तर संध्याकाळ झाली की घालमेल सुरू होते, घरी जायचंय म्हणतात, येरझारा घालतात, आणि दिवस लहान झाला की ते आणखी लवकर सुरू होतं. तुमच्या आईंना तसं काही नसेलही, पण पडदे लावून बसणं, भूक कमी, झोप जास्त असं दोन आठवड्यांच्या वर चाललं तर 'थंडी आहे म्हणून' असं म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. ऋतूप्रमाणे येणारं डिप्रेशन हा खरा आजार आहे, १९८४ मध्ये त्याचं पहिल्यांदा नीट वर्णन झालं. त्यावर १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) प्रखर दिवा मिळतो, सकाळी साधारण अर्धा तास समोर ठेवून बसायचं, पण डोळ्यांचा आजार असेल किंवा काही औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. तोवर फुकटातला उपाय म्हणजे सकाळी उठल्या उठल्या पडदे उघडून खिडकीशी बसणं.

अजून एक, तुमच्याकडे हिवाळ्याआधी घड्याळं एक तास मागे करत असतील तर त्या आठवड्यात औषधांच्या वेळा कोण बघणार ते विचारा. खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ कुणी बदलत नाही, मोबाईल आपोआप बदलतो, आणि मग माणूस दोन्हींकडे बघून गोंधळतो.

मधलीलेक

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. तीन आठवड्यांनी परत आलेय, काय झालं ते सांगते.

कॅलेंडरवाली ताई, आई शाळेत विज्ञान शिकवायची, ३१ वर्षं. फॉर्ममध्ये लिहिलं होतं, कुणी वाचलं नव्हतं, तुम्ही म्हणालात तसंच. मी तिथल्या बाईंना सांगितलं, त्यांनी काही कार्यक्रम वगैरे केला नाही, फक्त लॉबीतल्या बोर्डवर 'पानं रंग का बदलतात' असा कागद लावला होता तो आईला दाखवला आणि म्हणाल्या मॅडम, हे बरोबर आहे का बघता का. त्यावर लिहिलं होतं की थंडीने पानं पिवळी आणि लाल पडतात. बस. आई उभ्या उभ्या पेन मागून घेऊन सुरू झाली, थंडीपेक्षा दिवस लहान होणं महत्त्वाचं, हरितद्रव्य मोडतं, पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, कॅरोटिनॉइडचा, तो फक्त हिरव्याखाली झाकलेला असतो, लाल मात्र बहुतेक झाडांत शरदातच नवीन तयार होतो, तो अँथोसायनिन. मार्जिनमध्ये बाण काढून सगळं लिहिलं आणि खाली लाल पेनाने रेघ मारली, सवय जात नाही. आता दर गुरुवारी साडेचारला ती आणि अजून चार-पाच जणं लॉबीत बसून पानांना नावाच्या चिठ्ठ्या लावतात. साडेचारची वेळ काकांमुळे मागून घेतली.

व्यायामाला अजून जात नाही. तोल तपासणी केली, १४ सेकंद आले, उठबस ७, त्याचा तिला भयंकर राग आलाय, "ती खुर्चीच बुटकी होती" म्हणते. फिजिओ दादा, आकडा लिहून ठेवलाय. सपाता फेकल्या, तिने कचऱ्यातून परत काढल्या, मी परत फेकल्या. फ्लूची लस झाली, जास्त मात्रेची, आणि नागिणीचा दुसरा डोस खरंच राहिला होता!! जावईबुवा, तुमच्या सांगण्यावरून ईमेल केली, पांघरुणांच्या धुण्याचं वेगळं बिल लावतात असं उत्तर आलंय, म्हणजे बरोबर निघालात.

सगळं आलबेल आहे असं नाही. शनिवार-रविवारी चारनंतर अजूनही काहीच नसतं आणि त्या दोन दिवशी फोनवर आवाज तोच जुना. त्यासाठी काही सुचत असेल तर सांगा.

खोलीनं२२

शनिवार-रविवारी स्टाफ अर्धा असतो, त्यांच्या भरवशावर राहू नका. आम्ही चौघांनी मिळून शनिवारी पाचला पत्त्यांचा अड्डा सुरू केला, ऑफिसला विचारलंच नाही, नुसती कॉमन रूमची किल्ली मागितली. आईंना म्हणावं त्या चार-पाच जणांतल्या एकाला विचारा पत्ते येतात का. आणि १४ सेकंद काही वाईट नाही, माझे १९ होते.

मधलीलेक

काका, विचारलं. म्हणाली पत्ते नकोत, पण शब्दकोडं चालेल, आणि ते एकटीने सोडवायचं नाही, मोठ्याने वाचून सोडवायचं. येत्या शनिवारी बघू कोण कोण येतं. कोण येणार आणि कधी हे लिहायला तिने टेबलाखालचं कॅलेंडर काढून घेतलंय, त्यामुळे टेबल परत डुगडुगतंय. मेंटेनन्सला कळवून चार दिवस झाले, अजून कुणी आलेलं नाही.